यंत्राच्या हाती मुखत्यारी

पेढीवर नवा माणूस ठेवताना जुने व्यापारी काम आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवीत. काम पहिल्या दिवसापासून दिले जाई. अधिकार मात्र सावकाश, माणूस पारखून. आधी टपाल आणणे आणि पाणी भरणे, मग रोजकीर्दीची नक्कल, मग खतावणी, पुढे उधारीच्या वसुलीसाठी बाहेरगावचे फेरे; आणि कितीतरी वर्षांनंतर, मालक गावी नसताना, पेढीच्या नावाने सौदा पक्का करण्याची मोकळीक. तिजोरीची किल्ली हाती पडणे हा मुनिमाच्या आयुष्यातील मानाचा दिवस असे. हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तरी प्रत्येक पेढी तो पाळत असे, कारण मुनिमाने दिलेला शब्द बाजारात मालकाचाच शब्द मानला जातो, हे सर्वांना ठाऊक होते.

आज त्याच शिडीच्या पायथ्याशी एक नवा नोकर येऊन उभा आहे. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, घरदार नाही. त्याला ‘एआय एजंट’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांचे ग्राहकखाते, विक्री, तक्रारी आणि हिशोब ज्या क्लाउड सॉफ्टवेअरवर चालतात, त्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ पासून हा नोकर झपाट्याने रुजू होऊ लागला. व्यापारी घरांना हा विषय दुरून पाहण्याजोगा राहिलेला नाही. घरातील मुले-मुली हिंजवडीत किंवा बंगळुरूत याच सॉफ्टवेअरवर काम करतात आणि पेढीची वहीही केव्हाच संगणकावर गेली आहे. अशा वेळी या नोकराला काम किती द्यावे आणि किल्ली किती द्यावी, हा प्रश्न घराघरात येणार आहे.

नोंद, उत्तर आणि कृती

संगणक पेढीवर आला तेव्हा तो नोंद ठेवणारा होता. बिल लिहिले की साठा कमी होई, खाते नावे पडे, तेरीज आपोआप जुळे. परंतु बिल लिहायचे की नाही, हे माणूस ठरवीत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि संगणक उत्तर देऊ लागला. प्रश्न विचारावा, पत्राचा मसुदा मागावा, तो देई. पण ते पत्र पाठविणारा हात माणसाचाच होता.

एजंट ही यापुढची पायरी आहे. त्याला ध्येय सांगितले जाते आणि साधने सोपविली जातात. ‘ग्राहकाची तक्रार आली तर ती निकाली काढ’ एवढे सांगितल्यावर तो तक्रार वाचतो, ग्राहकाचे जुने व्यवहार उघडून पाहतो, माल कोठवर पोहोचला ते वाहतूकदाराच्या यंत्रणेत शोधतो, परताव्याचे नियम तपासतो, परताव्याची नोंद करतो आणि ग्राहकाला कळवून मोकळा होतो. प्रत्येक पायरीनंतर काय घडले ते पाहून पुढची पायरी तो स्वतः ठरवितो. त्याच्या मुळाशी भाषेचे एक विशाल प्रारूप असते. ते प्रचंड मजकुरावर शिकविलेले असते आणि पुढे काय येणे संभवते याचा अंदाज बांधत चालते. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणून काम होते. कधी तो सपशेल चुकतो, आणि चुकतानाही त्याची भाषा तितकीच ठाम व सभ्य असते. अडखळणाऱ्या नवशिक्याची चूक मालकाच्या ध्यानात येते. या नोकराची येईलच असे नाही.

खुर्चीचे भाडे आणि कामाची अडत

हा बदल धंद्याच्या दृष्टीने कसा घडतो आहे, हे सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीच्या वाटचालीतून नीट दिसते. मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका लहानशा सदनिकेत ही कंपनी सुरू केली. तोवर मोठे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे, त्यासाठी स्वतःचे महागडे संगणक ठेवावे लागत आणि ते चालवायला माणसे नेमावी लागत. सेल्सफोर्सने सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला सुरुवात केली. ते कंपनीच्या संगणकांवर राही, ग्राहक इंटरनेटवरून वापरी आणि जितके कर्मचारी वापरतील तितक्या माणशी भाडे भरी. जणू खुर्चीमागे भाडे. ग्राहकाचा कर्मचारीवर्ग वाढला की विक्रेत्याचे उत्पन्न वाढे. क्लाउड सॉफ्टवेअरचा धंदा दोन दशके बहुतांशी याच हिशोबावर उभा राहिला.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेल्सफोर्सने ‘एजंटफोर्स’ जाहीर केले. ग्राहकांशी बोलणारे आणि त्यांची कामे करणारे एजंट कंपन्यांना स्वतः घडविता यावेत, अशी ही सोय. तिचा दर ठरला एका संभाषणाला दोन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने सुमारे १७० रुपये. मे २०२५ मध्ये त्याला जोडून दुसरा दर आला: एजंटने केलेल्या प्रत्येक कृतीला दहा सेंट, म्हणजे साधारण साडेआठ रुपये. खुर्चीच्या भाड्याशेजारी कामाची अडत आली.

बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्यास या बदलाचा अर्थ सांगावा लागत नाही. पगारी माणूस आणि अडत्या यांचे स्वार्थ वेगळे असतात. जिथे प्रत्येक कृतीचे पैसे मोजावे लागतात तिथे कृती किती झाल्या, त्यांतल्या आवश्यक किती होत्या आणि त्या कोणी मोजल्या, हे पाहणे ओघानेच येते. अडत्याची पट्टी हाती आली की तोलाई, हमाली आणि अडत यांची ओळ न् ओळ तपासणारा व्यापारी सॉफ्टवेअरचे मासिक बिल मात्र न वाचता भरतो. यापुढे ही सवय महागात पडेल.

दुकान चालवायला दिले तेव्हा

एजंटच्या हाती खरोखरच दुकान दिले तर काय होईल? हा प्रयोग २०२५ मध्ये झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील अँथ्रोपिक या एआय कंपनीने अँडन लॅब्ज या संस्थेच्या साहाय्याने आपल्याच कार्यालयात एक छोटे दुकान मांडले. एक शीतपेटी, वर काही टोपल्या आणि पैसे भरण्यासाठी एक टॅबलेट. मार्चच्या मध्यापासून सुमारे महिनाभर ते कंपनीच्या ‘क्लॉड’ या प्रारूपावर चालणाऱ्या एजंटने सांभाळले. दुकानदार म्हणून त्याला ‘क्लॉडियस’ हे नाव दिले होते. कोणता माल ठेवायचा, भाव काय लावायचा, कोणाकडून मागवायचा आणि ग्राहकांशी काय बोलायचे, हे सारे तोच ठरवी. माल लावण्याचे अंगमेहनतीचे काम तेवढे माणसे करीत.

प्रयोगाचा वृत्तान्त कंपनीने जूनमध्ये स्वतःच प्रसिद्ध केला आणि तो प्रांजळ आहे. काही गोष्टी एजंटने चांगल्या केल्या. ग्राहकाने मागितलेल्या अपरिचित डच चॉकलेट-दुधाचे पुरवठादार त्याने चटकन शोधून काढले. पण गल्ल्यावर बसणाऱ्याला लागणारे शहाणपण त्याच्यापाशी नव्हते. बाजारात १५ डॉलरला मिळणाऱ्या शीतपेयाच्या सहा डब्यांसाठी एक ग्राहक १०० डॉलर द्यायला तयार झाला. एजंटने ‘विनंती ध्यानात ठेवतो’ एवढेच म्हटले. कोणी गमतीने टंगस्टन धातूचा घन मागितला, तर त्याने धातूच्या वस्तू मागवून खरेदीपेक्षा कमी भावाने विकल्या. शेजारच्या शीतपेटीत जे पेय कर्मचाऱ्यांना फुकट मिळत होते, तेच तो तीन डॉलरला विकीत राहिला. लोकांनी गोड बोलून त्याच्याकडून सवलती मिळविल्या. जवळजवळ सगळेच ग्राहक कर्मचारी असताना कर्मचाऱ्यांना सवलत कशाला, असे विचारल्यावर त्याने मुद्दा मान्य केला, सवलती बंद करण्याचे जाहीरही केले आणि काही दिवसांत त्या पुन्हा सुरू केल्या. काही काळ तर त्याने ग्राहकांना अस्तित्वातच नसलेल्या खात्यावर पैसे पाठवायला सांगितले. सुमारे हजार डॉलरचे भांडवल प्रयोगाअंती आठशेच्या खाली आले होते.

कंपनीने यातून निष्कर्ष काढला तो असा की पुष्कळशा चुका चांगल्या सूचना आणि चांगली साधने देऊन सुधारता येतील. तो पटण्याजोगा आहे आणि अशा यंत्रांची प्रगती वेगवान आहे, हेही खरे. मात्र गादीवर बसून आयुष्य काढलेल्या कोणाही आजोबांना या हकिगतीत एक ओळखीची व्यक्ती दिसेल: हुशार, आज्ञाधारक, सर्वांना खूष ठेवू पाहणारा आणि म्हणून कोणालाच ‘नाही’ म्हणू न शकणारा मुलगा. अशा मुलाला पेढीवर जरूर ठेवतात. गल्ला मात्र लगेच देत नाहीत.

किल्ली कोणाला, किती

क्लॉडियसचा तोटा दोनशे डॉलरांचा. एजंटच्या हाती मोठ्या यंत्रणेची किल्ली असेल तर हिशोब बदलतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एजंटने एका उद्योजकाच्या चालू यंत्रणेतील माहितीचा साठाच पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. आता कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना त्याला आधी दिलेली होती. पुसलेले परत मिळणार नाही असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते परत मिळविता आले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि सरावाची यंत्रणा व चालू यंत्रणा एकमेकींपासून तोडण्याची व्यवस्था केली.

या सुधारणेत सार आहे. ‘असे करू नको’ असे सांगणे हा खरा बंदोबस्त नव्हे. मुनिमाने तिजोरी उघडू नये असे वाटत असेल तर त्याला बजावून भागत नाही, किल्ली आपल्या कमरेला ठेवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये या किल्लीला परवानगी म्हणतात. एजंट काय वाचू शकतो, काय लिहू शकतो, काय पुसू शकतो आणि कोणाला काय पाठवू शकतो, हे त्याच्या विवेकावर न सोडता यंत्रणेनेच अडवायचे असते.

किल्ल्या बाहेर पडण्याचा धोकाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चोरट्यांनी ‘ड्रिफ्ट’ या एआय संभाषण-सेवेला अनेक कंपन्यांनी दिलेल्या परवानग्या हस्तगत केल्या आणि त्यांच्या आधारे शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधील ग्राहकनोंदींपर्यंत मजल मारली. सेल्सफोर्सचे मुख्य दार फोडलेले नव्हते. नोकराकडे दिलेली किल्ली चोरीस गेली होती.

आणखी एक धोका एजंटच्या स्वभावातच आहे. तो मजकूर वाचून कामे करतो, आणि मालकाची आज्ञा कोणती व समोर आलेल्या पत्रातील मजकूर कोणता, यांतील सीमा त्याच्यासाठी पुसट असते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यावर पाठवावी’ अशा खोट्या ईमेलने व्यापाऱ्यांना आजवर पुष्कळ फसविले आहे. अशाच ईमेलमध्ये कोणी एजंटलाच उद्देशून हुकूम दडवून ठेवला, तर भोळा एजंट तो मालकाचा हुकूम समजून पाळू शकतो. माणूस निदान फोन करून विचारण्याचा विचार तरी करतो.

जबाब कोणी द्यायचा

चूक झाल्यावर भरपाई कोणी करायची, या प्रश्नाचे एक उत्तर कॅनडात फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाले. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संभाषण-यंत्राने एका प्रवाशाला सांगितले होते की निकटच्या नातलगाच्या निधनानिमित्त मिळणारी सवलत तिकीट काढल्यानंतरही ९० दिवसांत मागता येते. आजीच्या निधनामुळे निघालेल्या त्या प्रवाशाने त्यावर विसंबून पूर्ण भाडे भरले. पुढे कंपनीने नियम दाखवून सवलत नाकारली. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे कंपनीने असा पवित्रा घेतला की संभाषण-यंत्र आपल्या कृतीला स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो अमान्य केला. संकेतस्थळावरची माहिती पानावर असो वा यंत्राच्या तोंडी, ती कंपनीचीच, असे ठरवून व्याज व शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश झाला. रक्कम क्षुल्लक होती. तत्त्व तसे नव्हते.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेने पाहतो, आणि तो नवा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २२६ नुसार एजंटमार्फत केलेला करार मालकाने स्वतः केल्याप्रमाणेच बंधनकारक असतो. कलम १८४ तर आजच्या प्रसंगाला विलक्षण जुळते. त्रयस्थांच्या दृष्टीने कोणीही व्यक्ती एजंट होऊ शकते; परंतु जी सज्ञान आणि शुद्ध मनाची नाही, ती मालकाला जबाबदार राहू शकत नाही, असे ते सांगते. म्हणजे मालकाने अल्पवयीन मुलाला सौद्याला पाठविले आणि त्याने भलत्याच भावाला होकार दिला, तर समोरच्याशी झालेला सौदा मालकावर बसतो, आणि मुलाकडून भरपाई मागायची सोय नसते. यंत्र कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच नसल्यामुळे हे कलम त्याला थेट लागू होत नाही. तथापि त्यामागील शहाणपण जसेच्या तसे लागू पडते. ज्याला शिक्षा होत नाही, ज्याची पत बुडत नाही, ज्याला बाजारात तोंड दाखवायचे नाही, त्याला पाठविणाऱ्यानेच सगळा भार उचलायचा असतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ११ अधिक स्पष्ट आहे. मालकाने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी बसविलेल्या यंत्रणेने पाठविलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मालकाचाच मानला जातो. ‘भाव मशीनने चुकीचा कळवला’ म्हणून सहज हात झटकता येणार नाहीत. ग्राहकांच्या खासगी माहितीबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही तेच सांगतो: माहिती दुसऱ्या कोणाकडून हाताळून घेतली तरी उत्तरदायित्व ती गोळा करून वापरणाऱ्याचेच राहते. ती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

या साऱ्यात माणसांचे काय झाले? २०२५ मध्ये बेनिऑफ यांनी एका मुलाखतीत सांगितले की एजंट आल्यानंतर सेल्सफोर्सच्या ग्राहक-साहाय्य विभागातील मनुष्यबळ नऊ हजारांवरून सुमारे पाच हजारांवर आणले गेले. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते की तिचा एआय साहाय्यक पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणे सांभाळून ७०० माणसांइतके काम करू लागला. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी मान्य केले की खर्चकपातीवर अति भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरला. त्यानंतर ग्राहकाला हवा तेव्हा माणूस भेटला पाहिजे म्हणून पुन्हा माणसे घेण्यास आरंभ झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुष्कळ काम खरोखरच यंत्राकडे गेले आहे, आणि ते सगळे जाऊ शकत नाही हेही अनुभवास आले आहे.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी जवळचा संबंध आहे. जगभरच्या कंपन्यांसाठी सेल्सफोर्ससारखी सॉफ्टवेअर बसविणे, जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत आणणे, चाचण्या घेणे आणि रात्रंदिवस देखभाल करणे, या कामांवर पुण्या-मुंबईतील हजारो घरे चालतात. पुण्यात १९९० मध्ये सुरू झालेली पर्सिस्टंट सिस्टिम्स याच प्रकारच्या कामात सेल्सफोर्सची भागीदार आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता नसून कौशल्ये आणि कामे यांचा न बसणारा मेळ आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी स्पष्ट केले. कारण कोणतेही असो, अनेक घरांत त्या आठवड्यात जेवणाच्या ताटावर हाच विषय निघाला असेल.

खरी चिंता त्याहून खोल आहे. नवशिक्या अभियंत्याला पहिली दोन-तीन वर्षे जी कामे मिळत, ती लहान असत: चाचण्या घेणे, किरकोळ दोष काढणे, नोंदी जुळविणे, ग्राहकाच्या साध्या शंका सोडविणे. नेमकी हीच कामे एजंट सर्वांत आधी उचलतो. वरच्या पायरीवर उरते ते एजंटचे काम तपासणे. परंतु तपासणारी नजर तयार होते ती ही लहान कामे स्वतःच्या हाताने केल्यामुळेच. हजार पाने खतावणी केलेला मुनीम चुकीची तेरीज दुरून पाहून ओळखतो. ज्याने एकही पान लिहिलेले नाही, त्याच्यापुढे चुकीची आणि बरोबर वही सारखीच सुबक दिसते. खालच्या पायऱ्या काढून टाकल्या तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर उभा राहणारा माणूस कोठून आणायचा, याचे उत्तर मोठ्या कंपन्यांनाही शोधावे लागणार आहे.

घरातील जी मुले या क्षेत्रात आहेत, त्यांच्यासाठी यातून एक वाट निघते. केवळ एका सॉफ्टवेअरची कळ दाबता येणे हे आता भांडवल उरलेले नाही. व्यवहार मुळातून समजणे, ग्राहकाची अडचण शब्दांत नेमकी मांडता येणे, यंत्राला द्यायच्या अधिकाराच्या सीमा आखता येणे आणि त्याने केलेल्या कामातील खोट पकडता येणे, याला किंमत येत आहे. यांतील बहुतेक गुण व्यापारी घरातील मुलाला लहानपणी दुकानात बसूनही शिकता येतात. सुट्टीत चार दिवस गादीवर बसविणे, हाताने एक महिन्याची रोजकीर्द लिहायला लावणे, ही जुनाट सवय म्हणून टाकून देण्याची घाई करू नये.

पेढीवर नेमणूक

समजा, सांगलीतील एखाद्या हळदीच्या पेढीला असा एजंट ठेवायचा आहे. ईमेलवर आलेल्या ऑर्डरी वाचणे, साठा पाहणे, बिल आणि ई-वे बिलाचा मसुदा करणे, थकलेल्या येण्याची आठवण पाठविणे, ही कामे त्याला खुशाल द्यावीत. त्यांत वेळ वाचतो आणि विसरभोळेपणा टळतो. पण नेमणूक जुन्या पद्धतीने, पायरीपायरीने करावी.

पहिले काही महिने त्याने फक्त वाचावे आणि मसुदा करावा. पाठविण्याचे बटण माणसाने दाबावे. त्याच्या मसुद्यातील किती चुका काढाव्या लागल्या, याची नोंद ठेवावी. चुका नगण्य झाल्या की ठरलेल्या ग्राहकांना, ठरलेल्या भावाने, ठरावीक रकमेपर्यंतचे बिल पाठविण्याची मोकळीक द्यावी. भाव बदलणे, उधारीची मर्यादा वाढविणे, बँक खात्याचा तपशील बदलणे, पैसे पाठविणे आणि जुनी नोंद पुसणे, या पाच गोष्टी माणसाच्या होकाराशिवाय होऊच नयेत अशी यंत्रणा विक्रेत्याकडून बसवून घ्यावी. त्याने काय पाहिले आणि काय केले याची रोजची नोंद मागावी आणि ती आठवड्यातून एकदा कोणीतरी खरोखर वाचावी. वहीची एक प्रत त्याच्या हाताबाहेर असावी. ग्राहक ज्याच्याशी बोलत आहे ते यंत्र आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलेले असावे आणि माणसाशी बोलण्याचा क्रमांक शेजारीच असावा. आणि या एजंटच्या वतीने जबाब देणाऱ्या माणसाचे नाव पेढीत सर्वांना ठाऊक असावे. ‘ते सॉफ्टवेअर पाहते’ असे उत्तर ज्या पेढीत मिळू लागते, तिथे कोणीच पाहत नसते.

हे सर्व करायला वेळ जातो आणि वाचलेल्या श्रमांतील काही भाग त्यातच खर्ची पडतो. तरीही हिशोब बहुधा फायद्याचाच निघेल. तोट्यात जाईल तो तपासणीचा खर्च अनाठायी समजणारा.

दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते तेव्हा अनेक पेढ्यांत हल्ली वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. पहिले पान शुभारंभाचे असते. त्यामागचे पान पुष्कळदा कोरेच राहते. त्या पानावर यंदा चार ओळी लिहिता येतील: पेढीच्या नावाने कोणते यंत्र काम करते, त्याला काय करण्याची मोकळीक आहे, किती रकमेपर्यंत आहे, आणि त्याच्याबद्दल कोणाला विचारायचे. खाली मालकाची सही. पुढच्या दिवाळीला ते पान पुन्हा उघडून पाहावे आणि वर्षभराचा अनुभव पाहून अधिकाराची मर्यादा वाढवायची की कमी करायची, हे घरातील थोरामोठ्यांनी आणि संगणक जाणणाऱ्या नव्या पिढीने एकत्र बसून ठरवावे.